आधी किती होते

नाही गं, तू लिहून टाक – घर बंद. त्यात काय एवढं? काहून लिहिता येत नाही – मी आत बसली आहे म्हणून? अगं, आज बसली आहे, आठ-दहा दिवसांत नसेन. परवा आलीस तेव्हाही मी तुला हेच सांगितलं, तू मान हलवून गेलीस, मला वाटलं झालं काम. आता म्हणते मोबाइल मानत नाही! मोबाइल काय तुझी सासू आहे? – बरं, हसलीस तरी. उभी नको राहू, बस. अं हं, त्या सुटकेसवर नाही, तिचं झाकण आधीच दबलं आहे, त्या वेताच्या मोढ्यावर बस. ही सुटकेस पाहिलीस ना? मग तुमच्या जनगणनेला अजून काय पुरावा पाहिजे? पुण्याला चालली मी. कायमची. मुलगा आहे तिथं, अपूर्व, सून आहे, नात आहे. मी त्यांच्यात मोजली जाणार, मग इथं कशाला मोजता? एकच माणूस दोनदा मोजला तर हिशेब तुमचाच बिघडेल. मी गणिताची मास्तरीण होती बेटा, इथंच, शहराच्या या गोरखपुर मोहल्ल्यात, तीस-बत्तीस वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलं, सारी गल्ली मला पद्मजा मॅडम म्हणते. मला तरी चुकीचा हिशेब करायला लावू नकोस.

चहा ठेवते, नाही म्हणू नको, तोवर मी हे मटर सोलता सोलता बोलते. या दिवसांत बाजारात दुसरं काही दिसतच नाही, जिकडं पाहावं तिकडं हिरवंगार. मी पावभर मागितले तर भाजीवाला म्हणतो, 'दीदी, इतने में क्या होगा?' आणि पिशवी भरूनच देतो. मीही नाही म्हणत नाही, कारण हे सगळे पुण्याचे आहेत. दर फेब्रुवारीत सोलते, उकळत्या पाण्यातून काढते, डब्यात भरते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती पाठवते. यंदा म्हटलं, स्वतःच घेऊन जाऊ. तिकडच्या मटरला चवच नाही, यशश्री – माझी नात – ती तर आपले कच्चेच खाते, मुठीमुठीनं. तूही खा. अगं खा ना, सरकारी कामावर असताना मटर खायचे नाहीत असा काही नियम निघाला आहे काय? सोलायलाही लाग हवं तर. हं, अशी अंगठ्यानं दाबायची शेंग, वरून.

काय म्हणालीस – 'नहीं आंटीजी'? आता बघ, मी मराठीत विचारून राहिली, तू हिंदीत उत्तर देऊन राहिली, आणि मजा अशी की एकदाही 'क्या?' म्हणाली नाहीस. जिथं हसायचं तिथंच हसलीस. सगळं समजतं तुला. कार्डावर काय नाव आहे – थांब, चष्मा – प्रणाली! घ्या, म्हणजे आपलीच आहेस. राहते कुठं? गोहलपुर. आणि मूळचे? – अमरावतीकडचे. आजोबा आले होते, कारखान्यात कामाला. अच्छा. म्हणजे आजी घरात मराठी बोलते, आई-बाबा आजीशी तेवढं बोलतात, आणि तू ऐकते. इथं घरोघरी हेच आहे, लाजायचं काय त्यात. माझा अपूर्वही कॉलेज संपेपर्यंत असाच होता, पुण्याला गेला तेव्हा कुठं त्याची जीभ वळली, आता तर माझ्याच मराठीला हसतो. बरं, मला सांग, तुझ्या स्वतःच्या घरी मोजायला आले तेव्हा मातृभाषेत काय लिहिलं? – हिंदी? खाली नको पाहू, मी रागावत नाही. या घरात त्याच्यावरून जो तमाशा झाला होता तो ऐकशील तर तुला तुझं काहीच वाटणार नाही.

मागची जनगणना झाली ना, दोन हजार अकराची – एकवीसची तर झालीच नाही – तेव्हा तू शाळेत असशील. तेव्हा आम्ही इथं चौघं होतो. सासूबाई, मी, अपूर्व आणि हे. हे म्हणजे अपूर्वचे बाबा, गुणवंत त्यांचं नाव. नाव मी आता घेते, आधी घेत नव्हती. बिजलीच्या ऑफिसात होते आणि हिंदी अशी बोलायचे की साहेब लोक भाषण त्यांच्याकडून लिहून न्यायचे. तर दुपारची पानं वाढलेली, आणि दारात एक गुरुजी आले, हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा. हे उठून गेले, तोंडात घास. गुरुजींनी विचारलं, 'मातृभाषा?' आणि यांनी दिलं सांगून – 'अरे भैया, सब बोलते ही हैं, हिंदी लिख लीजिए.' बस. गुरुजींनी चार वेळा हिंदी लिहिलं आणि चालते झाले. आत पानावर सासूबाई बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वय, पण कान तिखट. म्हणाल्या, 'गुणवंता, मी तुझी आई. माझी भाषा कोणती ते तू मला न विचारता सांगितलंस? मी काय तुला हिंदीत अंगाई म्हटली होती?' आणि अर्ध्या जेवणावरून उठल्या! वरण-भात तसाच ताटात. हे बनियनवरच पळाले गल्लीत, शर्मांकडे विचारलं, पानवाल्याला विचारलं, गुरुजी केव्हाच पुढच्या मोहल्ल्यात गेले होते. परत आले तर दार आतून बंद. दाराआडून सासूबाईंचा आवाज – 'या घरात मराठी माणूस राहत नाही, सरकारनं लिहून नेलं आहे, दुसरीकडं विचारा.' मी आणि अपूर्व पोट धरून हसत होतो आणि हे बाहेर बनियनवर उभे. मी अपूर्वला म्हटलं, बघ रे, याच्यासारखं उदाहरण पुस्तकात सापडायचं नाही – जेवायला बसलो तेव्हा या घरात मराठी चार होते, पानं उचलली तेव्हा शून्य. शंभर टक्के घट झाली, आणि मेलं कोणी नाही.

हो, ते मी शिकवायची ना, म्हणून तसंच सुचतं. लोकसंख्येतला बदल. पुस्तकात निरपेक्ष बदल असं जडसं नाव आहे, मी पोरांना सांगायची – नुसता फरक. आधी किती, आता किती, वजा करा, झालं. ते सगळ्यांना यायचं. फजिती व्हायची टक्क्यात. एका गावात आठशे माणसं होती, हजार झाली, फरक दोनशे. आता दोनशेला भागायचं कशानं? अर्धा वर्ग हजारानं भागायचा. काहून, तर हजार समोर दिसून राहिले ना! आताचा आकडा डोळ्यांपुढं असतो, आधीचा मागं पडतो. मी खडू आपटून ओरडायची – जुन्यानं भागा! नव्यानं नाही, जुन्यानं! आठशेनं भागलं की पंचवीस टक्के वाढ. आणि तेच गाव हजाराचं परत आठशेवर आलं तर? सारा वर्ग एका सुरात – पंचवीस टक्के घट, मॅडम! चूक. वीस. आता जुने हजार आहेत. मग कोणीतरी उठायचंच, 'पण मॅडम, माणसं तर तेवढीच गेली ना?' अरे, तेवढीच गेली, पण कितींतून गेली ते विचारलंस का?

तू काय शिकवते? सामाजिक अध्ययन. अच्छा, आणि वर ही ड्यूटी. शिक्षकाच्याच गळ्यात पडते ही, मीही केली आहे बेटा. तुझ्या गोहलपुरातच फिरत होती मी, अपूर्व तेव्हा अंगावर पीत होता. एक बाई होती, नवऱ्याचं खरादचं, म्हणजे लेथ मशीनचं दुकान, तिनं मुलं सांगितली पाच. मला दिसली चार. मी विचारलं, पाचवा? म्हणाली, मुंबईला आहे. कधी गेला? तर बरीच वर्षं झाली, पळून गेला, पत्ता नाही. मी म्हटलं, बाई, जो नेहमी इथं राहतो त्यालाच लिहायचं आहे. तर म्हणते, 'दीदी, थाली तो उसकी रोज लगाती हूँ.' मी तिला नियम समजावून सांगितला आणि चारच लिहिले. बरोबरच लिहिले. तुला आज मी सांगते, तू पण मला सगळे प्रश्न नियमानं विचारून राहिली, चूक नाही तुझी. पण त्या मोबाइलात एक प्रश्न नाही, तेव्हाच्या कागदातही नव्हता. आता किती आहेत, ते विचारता. बाया किती, पुरुष किती, शिकले किती. आधी किती होते हे काहून विचारत नाही? कोणीच विचारत नाही. गॅसवाला विचारतो तेही – 'घर में कितने लोग हैं?' आहेत. होते नाही.

मग तू विचार. विचार ना, मोबाइलात नको लिहू, नुसतं विचार. – आधी होते चार. पहिला गेला अपूर्व, पुण्याला, नोकरीला. गेला म्हणजे आनंदानंच गेला, पेढे वाटले आम्ही. चाराचे तीन, नुसता फरक एक, टक्के पंचवीस. तेव्हा काही फार जाणवलं नाही, कणीक तेवढी जास्त भिजायची. मग सासूबाई गेल्या. तिनाचे दोन. फरक तोच, एक, पण टक्का तेहतीस आणि वर थोडा. लोक म्हणाले वय झालं होतं. वय झालंच होतं, पण रोज दुपारी चहात साखर कमी म्हणून भांडणारी बाई घरातून गेली की चहा करावासाच वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि मग – तो दाणा किडका आहे बघ, टाक तो – मग हे गेले. दोन पावसाळे झाले. दोनाचे एक. फरक किती? एकच. दरवेळी एकच माणूस गेला बेटा, एका वेळी एकच, आणि टक्का बघ कसा चढला – पंचवीस, तेहतीस, पन्नास. तिलवारा घाटावर नर्मदेत यांच्या अस्थी सोडून अपूर्व आणि मी ऑटोनं परत येत होतो, तो माझा हात धरून म्हणाला, 'आई, जिवाला जप, आता एकटी आहेस.' मी म्हटलं, पन्नास टक्के रे, पन्नास. त्याला वाटलं आईचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं माझं, मी फक्त जुन्यानं भागून राहिली होती.

आणि शहराला काय कळणार? बारा-तेरा लाखांतून एक गेला तर टक्का काढताना पॉइंटच्या पुढं शून्यंच लिहीत बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं नेहमीसारखी हाक मारली – 'दीदी, एक लीटर?' – आणि मी पातेलं पुढं केलं. एकटीला काय करायचं आहे एक लिटर? पण अर्धा म्हटलं की तो विचारणार, भैयाजी कहाँ गए, आणि मला ते सांगावं लागणार. म्हणून घेत राहिली. खिरी केल्या, दही लावलं, शर्मा भाभीच्या पोरांना बोलावून बोलावून पाजलं. घे, चहा घे. दूध जास्त आहे त्यात, बघ, अजून सवय गेली नाही.

पण जाऊ दे, ते आता संपलं. आता मी जाऊन राहिली ना. तिथं तिघं आहेत, अपूर्व, अवंतिका आणि यशश्री. मी गेली की चार. तिनाचे चार म्हणजे तेहतीस टक्के वाढ! या वयात कोणाच्या घराची लोकसंख्या तेहतीस टक्क्यांनी वाढवायची म्हणजे गंमत आहे का? तुळस शर्मांकडं देऊन टाकली. पेपर बंद केला. साऱ्या गल्लीला सांगून झालं, त्या कोपऱ्यावरच्या जलेबीवाल्यानं तर मला निरोपाची म्हणून खोव्याची जलेबी बांधून दिली, सोबत न्यायला. – तिकीट? तिकीट अपूर्व काढणार आहे. नाही, अजून काढलं नाही. काढेल. – विचारलंस हिंदीत, पण नेमकं विचारलंस हो. दिवाळीत तो आला होता, म्हणाला, 'आई, आता तू तिकडंच ये.' मी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून सुटकेस काढली. मग म्हणाला, संक्रांतीनंतर बघू, अवंतिकाच्या ऑफिसात काही गडबड आहे. मग यशश्रीची परीक्षा आली. खरंच आहे, दोन खोल्यांचं घर, पोरीला अभ्यासाला जागा नको का? मी काही मागं लागणाऱ्यांतली नाही. सुटकेस तेवढी भरलेली ठेवली. रोज नेसायची साडी तिच्यातूनच काढते, धुते, वाळवते, घडी घालून परत तिच्यातच ठेवते. झाकण त्यानंच दबलं आहे, रोज उघडून.

जलेबी? ती मीच खाल्ली. किती दिवस राहणार ती.

मग रविवारी फोन आला. चेहरा दिसतो तो. यंदा म्हणे मोबाइलवर ज्याचं त्याला घरीच भरता येतं. तिघं सोफ्यावर बसले होते, यशश्री एकेक प्रश्न वाचत होती, बाप सांगत होता, ती भरत होती. अपूर्व म्हणाला, 'आई बघ, तुझी नात जनगणना करतेय.' मी उठून केस विंचरून आली. चष्मा लावला. मला वाटलं, माझं नाव येईल तेव्हा जन्मतारीख मलाच सांगावी लागेल, कारण शाळेतली वेगळी आणि खरी वेगळी, आणि अपूर्वला त्यातली एकही पाठ नाही. मी मनात दोन्ही म्हणून ठेवल्या, यातली कोणती सांगावी म्हणून. अपूर्वचं झालं. अवंतिकाचं झालं. यशश्रीनं स्वतःचं नाव स्वतः भरलं. मग बोट आपटलं आणि ओरडली, 'डन! टोटल थ्री, आजी!'

मी हसली. मी म्हटलं, 'बरोबर.'

दुसरं काय म्हणणार? जन्माची सवय, पोरानं उत्तर दिलं की तोंडातून निघतंच. आणि बरोबर होतंच ना. तूच मघाशी सांगितलंस – जो जिथं नेहमी राहतो, तिथंच मोजायचा. अपूर्वनं नियमानंच केलं. त्याला काही दुष्टपणा माहीत नाही गं, चांगला आहे माझा मुलगा, दर रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. उलट मला म्हणाला, 'आई, तुझ्याकडं मॅडम येतील, त्यांना मराठी सांग हं, बाबांसारखं हिंदी करून बसू नको.' आणि आम्ही सगळे हसलो, आजीच्या त्या ताटाची आठवण काढून. म्हणजे बघ, माझ्याकडं तू येशील हे त्याला माहीत होतं. मी इथंच मोजली जाणार हे त्याच्या मनात इतकं सरळ होतं की त्याला सांगावंसंही वाटलं नाही. फोन ठेवला आणि मी या इथंच बसली. तिनाचे तीन. फरक शून्य, टक्का शून्य. राग नाही आला. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं बेटा, आणि घरात कोणी नव्हतं तरी मी रडली नाही, कारण शर्मा भाभीच्या खिडकीतून आवाज जातो. हे मी कोणालाच सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हती, तू शेंगा सोलत बसलीस म्हणून निघालं.

मग घर बंद लिही काहून म्हणत होती? विचारू नकोस, समजतं मला तुझ्या तोंडावरून. अगं, तू नाही लिहिलं तोवर मी जाणारी आहे. तू लिहिलं की मी राहणारी झाली. मग ती सुटकेस उघडायची, साड्या कपाटात लावायच्या, तुळस परत मागायला जायचं शर्मांकडं – काय सांगू भाभीला? आणि पुढच्या दहा वर्षांचा शिक्का बसतो ना तुमचा. म्हणून परवा तुला पळवलं. पण तू गेल्यावर हिशेब करून राहिली होती. पुण्याच्या घरात मी नाही. इथं घर बंद. मग मी कुठं आहे? एवढ्या मोठ्या देशात एक माणूस कमी पडला तर कोणाला पत्ता लागणार? या घराचं तेवढं एकाचं शून्य होणार, शंभर टक्के घट. आणि मी तर इथं जिवंत, मटर सोलून राहिली. सासूबाई असत्या तर ताटावरून उठल्या असत्या.

चलो, काढ तो मोबाइल. पूस हात आधी, हे फडकं घे. लिही. पद्मजा. स्त्री. जन्मतारीख शाळेतलीच लिही, सरकार तीच ओळखतं. कुटुंबप्रमुख? – मीच आता. प्रमुखाशी नातं? हे काय विचारते, प्रमुख मीच तर मग नातं कोणाशी? – अच्छा, 'स्वयं' असं असतं. लिही, स्वयं. विधवा. हो, लिही ना, त्यात थांबायचं काय. मातृभाषा – इकडं बघ, माझ्या तोंडाकडं बघ – मराठी. लिहिलंस? दाखव. ठीक. आणखी कोण? आणखी कोणी नाही. नाही, मुलगा तिकडं मोजला गेला आहे. एकूण किती येते? दाखव तर. – हं. एक. एवढा मोठा आकडा काढते होय तुझा मोबाइल, अख्ख्या काचेवर. बघ, पुण्याला गेली असती तर चारांतली एक, पंचवीस टक्के. इथं या घरात मी शंभर टक्के आहे. कमी आहे का?

मला पंचवीस चालले असते.

नाही, काही नाही, झालं तुझं काम. हे मटर घेऊन जा. अगं, सगळे घेऊन जा, अर्धे तर तूच सोललेस, मी एकटी काय करू एवढ्याचं? यंदा नाही पाठवत पुण्याला, पुढच्या वर्षी पाठवीन. आजीला दे, म्हणा, गोरखपुरच्या पद्मजाबाईंनी दिले. तिला मराठीत सांग, चुकलं तर चुकलं, आजी काही मार्क कापत नाही. – 'चलती हूँ' नाही गं म्हणायचं, जाताना आपल्यात 'येते' म्हणतात. कोणी जात नाही आपल्यात, सगळे येतेच म्हणतात. म्हण. – अजून मोठ्यानं. – हं, आलं की बरोबर.

आणि ऐक, एकच सांगते, मग सोडते तुला. तू आलीस तेव्हा या घरात एकाचे दोन झाले. शंभर टक्के वाढ. आता जाशील, दोनाचे एक, पण घट पन्नासच टक्के. दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचंच – मॅडम, वाढले शंभर, गेले पन्नास, मग बाकीचे पन्नास गेले कुठं? मी खेकसायची, अरे गाढवा, पाया बदलला ना, जुन्यानं भाग! फळ्यावरचं उत्तर तेच आहे. पण इथं बसून वाटतं, ते पन्नास कुठं जात नसतील, घरातच राहत असतील कुठंतरी. – अशी काय बघते? जा. जा बेटा, ऊन चढून राहिलं. पुढचं घर शर्मांचं आहे, सात माणसं आहेत तिथं, तुला वेळ लागेल.